पंचवीस फुटांचे घर आणि चार हजार मैलांचे वेळापत्रक

२०२३ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतील आमच्या जेवणघराच्या भिंतीवर अमेरिकेचा एक मोठा नकाशा लागला आणि माझ्या मुलीने त्यावर लाल टाचण्या टोचायला सुरुवात केली. पुढच्या मे महिन्यात आई-बाबा दहिवडीहून तीन महिन्यांसाठी येणार होते. आधीच्या खेपेला आम्ही दोघेही नोकरीत अडकलेलो असल्यामुळे त्यांच्या वाट्याला नायगारा, न्यूयॉर्क आणि आमच्या बैठकीची खिडकी एवढेच आले होते, आणि ती रुखरुख माझ्या मनातून गेली नव्हती. या वेळी आम्ही रजा साठवून ठेवल्या होत्या. शिवाय मुलगी चौथीत होती. अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास मिळतो. तो १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात चालतो आणि मुलासोबत त्याच गाडीत बसलेल्या सगळ्यांना लागू होतो. एरवी वार्षिक पासला तेव्हा ८० डॉलर पडत असत. त्या ऐंशी डॉलरांचे मला फारसे काही नव्हते. पण नातीने दारावर कागद दाखवावा आणि तिच्या नावावर आजी-आजोबांनी आत जावे, ही कल्पना मनात घर करून बसली. त्यामुळे असे ठरले, की इथे जिला सगळे आरव्ही म्हणतात ती राहण्याची गाडी भाड्याने घ्यायची, न्यू जर्सीहून पश्चिमेकडे निघायचे, उद्याने पाहत लास व्हेगास गाठायचे, तिथे गाडी परत करायची आणि विमानाने घरी यायचे.

टाचण्या चौदा झाल्या होत्या आणि हातात दिवस होते तेहेतीस. मी आणि माझ्या नवऱ्याने संगणकावर एक तक्ता केला आणि मोठ्या उत्साहाने बाबांना पाठवला. बाबांनी एस.टी.मध्ये एकतीस वर्षे गाडी चालवली आहे. त्यातली बरीचशी वर्षे त्यांनी घाटातल्या फेऱ्या आणि मुक्कामी गाड्या केल्या. त्यांनी तक्ता दोन दिवस ठेवून घेतला आणि रविवारी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, गाडी किती फुटी घेतलीस?” गाडी अजून ठरली नव्हती. “मग रस्ता कशावर ठरवलास? आधी गाडी सांग, मग रस्त्याचं बोलू.”

त्या एका प्रश्नाने आमच्या आखणीचा क्रम उलटा झाला आणि तो उलटा झाला हेच बरे झाले. आम्ही आधी ठिकाणे, मग दिवस, मग गाडी अशा ओळीने चाललो होतो. प्रत्यक्षात आरव्हीच्या प्रवासात गाडीची लांबी ही पहिली पायरी असते, कारण कोणत्या रस्त्याने जाता येईल, कोणत्या कॅम्पग्राउंडमध्ये, म्हणजे गाड्या-तंबूंच्या मुक्कामतळावर, कोणती जागा मिळेल आणि डोंगर कुठून ओलांडायचा, या सगळ्याचे उत्तर त्या एका आकड्यात असते.

आरव्हीचे ढोबळ मानाने तीन वर्ग आहेत. ए वर्गाची गाडी बसएवढी मोठी असते, बी वर्गाची म्हणजे आतून घर केलेली व्हॅन, आणि सी वर्गाची ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असते, जिच्या चालकाच्या डोक्यावर एक बिछाना पुढे आलेला दिसतो. आमच्यासारख्या पाच जणांच्या कुटुंबाला सी वर्ग सोयीचा होता, पण त्यातही बावीस फुटांपासून एकतीस-बत्तीस फुटांपर्यंतचे प्रकार होते. जाहिरातीत ‘सहा जण झोपतील’ असे लिहिलेले असते; त्यावर विसंबून राहू नये, हे मी आवर्जून सांगेन. झोपण्याच्या जागा आणि सीटबेल्ट असलेल्या बसण्याच्या जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला आवडलेल्या एका गाडीत बिछाने सहा आणि पट्टे चारच होते. शेवटी पाच पट्टे असलेली, आईला गुडघे न दुखवता चढता येईल अशी खालची पायरी आणि मागे जमिनीलगतचा पलंग असलेली पंचवीस फुटी गाडी आम्ही निवडली. बाबांना लांबी सांगितली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपल्या लाल गाडीपेक्षा लहानच की.” साध्या एस.टी.ची लांबी दहा मीटरहून अधिक, म्हणजे तेहेतीस फुटांच्या वर भरते; त्यामुळे त्यांना ती गाडी मोठी वाटण्याचे कारणच नव्हते. मला मात्र त्या एका वाक्याने फार धीर आला.

लांबी हातात आल्यावर नकाशावरच्या टाचण्या निघू लागल्या. पहिली निघाली ग्लेशियरची, आणि ती काढताना मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. मोंटानातल्या त्या उद्यानाचा प्रसिद्ध ‘गोइंग टू द सन’ रस्ता कड्याला खेटून जातो आणि त्याच्या वरच्या भागात एकवीस फुटांहून लांब किंवा आठ फुटांहून रुंद वाहनाला परवानगी नाही. आमची गाडी दोन्ही मापांत बसत नव्हती. गाडी खाली ठेवून तिथल्या बसने वर जाता आले असते, पण केवळ त्या एका दिवसासाठी उत्तरेला वळसा घालायचा तर पुढचे चार मुक्काम कोलमडत होते. त्यानंतर योसेमिटी निघाले, कारण ते आमच्या शेवटच्या टोकाच्याही पलीकडे होते. रॉकी माउंटन निघाले, कारण त्यासाठी कोलोरॅडोचा वेगळा फेरा पडत होता. उरलेली वाट अशी झाली: ओहायोतले कायाहोगा व्हॅली, मिशिगन सरोवराच्या काठचे इंडियाना ड्यून्स, साउथ डकोटातले बॅडलँड्स, मग डेव्हिल्स टॉवर, यलोस्टोन, ग्रँड टेटन, तिथून दक्षिणेला उतरून आर्चेस, ब्राइस कॅन्यन, झायन आणि शेवटी ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. नकाशावर हे अंतर सुमारे चार हजार मैल भरले.

या नव्या तक्त्यालाही बाबांनी हात लावलाच. “यात विसावा कुठं आहे?” असे त्यांनी विचारले. मुक्कामी गाडीवर रात्री गावात झोपून पहाटे परतीची फेरी करणारा चालक दुसऱ्या दिवशी काय अवस्थेत असतो हे त्यांना ठाऊक होते, आणि आपला जावई सलग आठ दिवस रोज मुक्काम बदलत गाडी चालवणार हे त्यांना मुळीच पटले नाही. इथल्या आरव्हीवाल्यांमध्येही तीन-तीन-तीन असा एक नियम सांगतात: दिवसाला तीनशे मैलांहून जास्त जायचे नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोहोचायचे आणि एका ठिकाणी तीन रात्री राहायचे. तो सगळीकडे पाळणे आम्हाला शक्य नव्हते. इंडियाना ते बॅडलँड्स हे जवळजवळ नऊशे मैलांचे अंतर तीन दिवसांत कापावेच लागणार होते. पण मोठ्या उद्यानांत दोन-तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम ठेवायचा नाही आणि अंधारात कुठेही पोहोचायचे नाही, एवढे आम्ही पक्के केले. यलोस्टोनला पाच रात्री दिल्या. तिथला आठच्या आकड्यासारखा मोठा वळसा १४२ मैलांचा आहे, वेगाची मर्यादा फार तर ताशी ४५ मैल आहे आणि गवे रस्त्यावर उतरले की सगळी वाहतूक त्यांच्या मर्जीने चालते. तिथे शंभर मैल म्हणजे दीड तास, असा हिशेब धरणारा माणूस हमखास फसतो.

जागा मिळवणे हा या सगळ्या कामातला सर्वांत जिकिरीचा भाग होता. उद्यानांतली बहुतेक सरकारी कॅम्पग्राउंड ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर भरतात, आणि लोकप्रिय ठिकाणी जागा मुक्कामाच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी खुल्या होतात. झायनच्या ‘वॉचमन’ कॅम्पग्राउंडमध्ये आम्हाला १८ जुलैपासून तीन रात्री हव्या होत्या, म्हणजे १८ जानेवारीला सकाळी आमच्याकडच्या घड्याळाप्रमाणे दहा वाजता दार उघडणार होते. जुलैत झायनच्या दरीत पारा ३८ अंशांच्या पुढे जातो आणि वॉचमनमध्ये जनरेटर लावायला बंदी आहे. त्यामुळे विजेची जोडणी असलेली जागा मिळाली नाही तर दुपारी आई-बाबांना वातानुकूलनाविना त्या पत्र्याच्या पेटीत बसवावे लागले असते. मी आदल्या रात्री जागांचा नकाशा उघडून पाच क्रमांक कागदावर उतरवले. पंचवीस फुटी गाडी मावेल, वीज असेल आणि दुपारनंतर झाडाची सावली पडेल, असे ते पाच. नवरा त्याच्या संगणकावर, मी माझ्या, दोघांच्या खात्यांत आधीच प्रवेश केलेला, अशी तयारी करून बसलो. दहाला पाच सेकंद असताना माझा तळहात घामाने ओला झाला होता. पहिला क्रमांक दाबला तो गेलेला होता, दुसराही गेला, आणि तिसऱ्याला नवऱ्याच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली. दहा वाजून दोन मिनिटांनी पाहिले तेव्हा त्या दिवसाची विजेची एकही जागा उरलेली नव्हती. तीनच दिवसांनी, २१ जानेवारीला, ग्रँड कॅन्यनच्या ‘मेदर’ कॅम्पग्राउंडसाठी पुन्हा तीच कसरत केली. मेदरला वीज-पाण्याची जोडणी नाही, पण दक्षिण काठ जवळजवळ सात हजार फुटांवर असल्यामुळे तिथे जुलैतही रात्री थंड असतात. पैसे आणि सोयी झायनला खर्च करायच्या आणि इथे झाडीत राहायचे, असा आमचा विचार होता. मेदरला वाहनाच्या लांबीची मर्यादा तीस फूट आहे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

यलोस्टोनची मोठी कॅम्पग्राउंड तिथली निवास व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीकडे आहेत आणि त्यांची नोंदणी याहून कितीतरी आधी सुरू होते. आम्ही पाहिले तेव्हा सलग पाच रात्री कुठेच नव्हत्या. म्हणून रोज सकाळी चहा होईपर्यंत रद्द झालेल्या जागा पाहण्याचा नेम मी धरला. फेब्रुवारीच्या अखेरीस ‘फिशिंग ब्रिज’ला तीन रात्री मिळाल्या, आणि मार्चात ‘मॅडिसन’ला उरलेल्या दोन. फिशिंग ब्रिज ही उद्यानातली पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेली एकमेव जागा आहे, आणि अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे तंबूला किंवा कापडी भिंतींच्या गाडीला परवानगी नाही. आर्चेसला त्या वर्षी प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागत होती. जुलैची तिकिटे १ एप्रिलला खुली झाली आणि ती सहज मिळाली.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. भाड्याचा रोजचा दर पाहून खर्चाचा अंदाज बांधू नये. त्यावर मैलांचे शुल्क, एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करण्याचे शुल्क, भांडी-अंथरुणांचे शुल्क, जनरेटरच्या तासांचे शुल्क आणि विमा चढतो. आमच्या नेहमीच्या मोटार विम्यात भाड्याची आरव्ही बसत नव्हती. मैल मी आधी चार हजार धरले होते. मग उद्यानांच्या आतले फिरणे, किराणा आणि चुकलेली वळणे धरून ते साडेचार हजार केले. गॅलनला नऊ मैल या हिशेबाने पाचशे गॅलन पेट्रोल, आणि चार डॉलर भाव धरून दोन हजार डॉलर बाजूला काढले.

मे महिन्यात आई-बाबा आले. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही जवळच एक गाडी घेऊन दोन रात्रींची रंगीत तालीम केली, आणि ज्यांना असा मोठा प्रवास करायचा आहे त्यांनी दुसरे काही केले नाही तरी एवढे करावेच, असे मला मनापासून वाटते. सकाळी एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या वाहनतळावर बाबांनी शाळा घेतली. त्यांनी घरून आणलेल्या चार कुंड्या चौकोनात मांडल्या आणि जावयाला त्यांच्या मधोमध गाडी मागे घ्यायला लावली. “पुढचं चाक वळवताना मागची शेपटी बाहेर जाते, ती आरशात बघा,” हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले, की शेवटी मुलगीच ते आधी म्हणू लागली. गाडी मागे घेताना वाहकाने खाली उतरून मागे उभे राहायचे, आणि चालकाला आरशात वाहक दिसेनासा झाला की चालकाने जागच्या जागी थांबायचे, हा एस.टी.चा शिरस्ता त्यांनी आम्हा सर्वांना घालून दिला. वाहकाचे काम मुलीकडे गेले. तिच्या गळ्यात शिट्टी आली. तिसऱ्या प्रयत्नात एक कुंडी फुटली आणि सातव्या प्रयत्नात गाडी चौकोनात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या तळातून साबणाचे गढूळ पाणी वर येऊ लागले. स्वच्छ पाण्याची टाकी भरून घेतली की काम झाले, असे मी समजत होते. सांडपाण्याची टाकीही तितक्याच वेगाने भरते आणि भरली की पाणी सर्वांत खालच्या मोरीतून वर येते, हे मला तेव्हा कळले. दोन जणींची अंघोळ आणि रात्रीची भांडी एवढ्यात ती भरली होती. आई काहीही न बोलता ते पाणी टिपत राहिली आणि मग तिने सगळा कारभार आपल्या हातात घेतला. माण तालुक्यात टँकरच्या पाण्यावर तिने संसार केला आहे. ताटे आधी कागदाने पुसायची, मग एका पातेल्यात तांब्याभर पाण्यात विसळायची आणि दुसऱ्या तांब्याभर पाण्यात खळखळून घ्यायची. अंघोळीला अंग ओले करून नळ बंद, साबण लावून झाल्यावर पुन्हा नळ. तिच्या पद्धतीने आम्ही मोजून पाहिले तेव्हा चाळीस गॅलनची टाकी पाच जणांना जोडणीविना तीन दिवस पुरेल असे दिसले, आणि मेदरच्या तीन रात्रींची माझी काळजी मिटली. टाक्या रिकाम्या करण्याचे काम नवऱ्याने शिकून घेतले. शौचालयाची टाकी आधी सोडायची आणि सांडपाण्याची नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

प्रवासाला बारा दिवस उरले असताना गाडी देणाऱ्या कंपनीचा संदेश आला. पंचवीस फुटी गाडी उपलब्ध नाही, तिच्याऐवजी एकतीस फुटी गाडी कोणतेही जादा शुल्क न घेता देत आहोत, असे त्यात आनंदाने कळवले होते. मी तो संदेश वाचला आणि माझे हातपाय गार पडले. मेदरची मर्यादा तीस फूट होती आणि झायनची मिळवलेली जागा पंचवीस फुटांच्या हिशेबाने निवडलेली होती. जुलैतल्या या दोन्ही ठिकाणी जूनमध्ये दुसरी जागा मिळण्याची आशाच नव्हती. फोनवरच्या बाईंना मोठी गाडी नको म्हणणारे गिऱ्हाईक बहुधा नवीन असावे. त्या पुन्हापुन्हा मला जादा जागेचे फायदे सांगत होत्या. मी सगळ्या नोंदण्यांची यादी, प्रत्येक जागेची कमाल लांबी आणि आमच्या करारातले गाडीच्या मापाचे कलम एकत्र करून लेखी पाठवले. तीन दिवस उत्तर नव्हते. चौथ्या दिवशी त्यांच्या दोन तासांवरच्या दुसऱ्या आगारात पंचवीस फुटी गाडी सापडली. तोवर आमच्या घरात कोणाला नीट झोप लागली नव्हती. जागा राखताना लांबीची नोंद कागदावर ठेवली नसती, तर मला त्या संभाषणात बोलायला काही आधारच नसता.

शेवटचे दिवस बारीकसारीक गोष्टींत गेले. ब्राइसहून झायनला जाताना लागणारा बोगदा १९३० साली पुरा झालेला आणि १.१ मैल लांब आहे. त्या वर्षी सात फूट दहा इंच किंवा त्याहून रुंद वाहनाला तो रस्त्याच्या मधोमध चालून पार करावा लागत असे, त्यासाठी रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, समोरची वाहतूक थांबवत आणि त्याचे पंधरा डॉलर घेत. आमची गाडी आरशांसह त्याहून रुंद होती, म्हणून त्या दिवसाची वेळ रेंजर हजर असण्याच्या वेळेत बसवली. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगर ओलांडायला १४-ए हा दहा टक्के उताराचा रस्ता टाळून आम्ही १६ क्रमांकाचा सौम्य रस्ता घेतला. बाबांनी तरीही बजावले, की घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. यलोस्टोनचे सरोवर ७,७०० फुटांहून उंच आहे. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून तीन लिटरचा कुकर सामानात आला. आईने भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा आणि दाण्याचे कूट यांची पाकिटे वजन करून बांधली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. उद्यानांत बऱ्याच ठिकाणी फोन चालत नाही, म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या नोंदणीचा कागद, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि पुढच्या दिवसाचा रस्ता छापून एका फाइलमध्ये लावला. चौथीच्या पासचा छापील कागद मुलीने कोणालाच हात लावू दिला नाही. तो तेव्हा फोनवर दाखवून चालत नसे, छापील कागदच लागे आणि उद्यानात तो देऊन कार्ड घेता येत असे, हे तिने स्वतः वाचून ठेवले होते.

२२ जूनला पहाटे साडेपाचला गाडी दारात उभी होती. बाबांनी वाकून चाकांची हवा पाहिली, टायरवर मूठ आपटली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या सीटवर बसले. त्यांच्या मांडीवर एक वही होती. तिची पाने त्यांनी आदल्या रात्रीच पट्टीने आखून ठेवली होती: तारीख, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, मैल, पेट्रोल, मुक्काम. त्यांनी चष्मा वर करून मीटरवरचा आकडा वाचला आणि पहिल्या ओळीत लिहिला. मग मुक्कामाच्या रकान्यात ‘कायाहोगा’ हे नाव देवनागरीत कसे लिहायचे, असे त्यांनी मुलीला विचारले, आणि तिने सांगितले तसे एकेक अक्षर ते सावकाश लिहू लागले.